हेळव्याच्या वहीतली जागा

माझ्या नवऱ्याच्या नावापुढे कोणती चार अक्षरं लागतील, हे मला तो गेल्यावर काही महिन्यांनी, कामाला बसलेली असताना कळलं.

माझं काम वंशावळींचं आहे. मध्ययुगात इंग्लंडहून इथे आयर्लंडमध्ये येऊन जमिनी बळकावून बसलेली जी सरदार घराणी होती, त्यांचे तक्ते मी विद्यापीठातल्या एका प्रकल्पासाठी तयार करते. कोण कोणाचा मुलगा, कोणाची बायको कुठल्या घराण्यातली, तिच्याबरोबर कुठली जहागीर आली. पुण्यात इतिहासात एम. ए. करत होते तेव्हा मोडी कागदपत्रांत आयुष्य काढायचं असं मनात होतं. मग लग्न झालं, नवऱ्याच्या सिटीवेस्टच्या नोकरीमागे इथे आले, इथे पुन्हा शिकले आणि दुसऱ्यांच्या पूर्वजांत अडकून पडले.

या तक्त्यांची एक रीत आहे. एखादा सरदार मुलगा न होता मेला, तर त्याच्या नावापुढे चार लहान लॅटिन अक्षरं लिहितात. त्यांचा अर्थ, पुत्रसंतती न ठेवता गेला. मग त्याला घरभर मुली का असेनात, त्या मुलींच्या पोटी पुढे अर्धा मुलूख जन्माला आलेला का असेना. घराणं संपलं, असंच लिहायचं. मी ती अक्षरं इतक्या वेळा लिहिली होती की हात आपोआप लिहायचा. त्या दिवशी कुणा एकाच्या नावापुढे ती लिहिली आणि थांबले. समोर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी लेक गणित सोडवत होती. पेन्सिलीचं मागचं टोक चावायची तिची सवय वडिलांची. तिच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की माझा नवरा आता तक्त्यात गेला तर त्याच्या नावापुढे हीच अक्षरं येतील.

तो ऑफिसातच गेला. कॉफी घ्यायला उठला आणि खाली बसला तो उठलाच नाही. दीर व्हिसा मिळून पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून विद्युतदाहिनीचं बटण लेकीने दाबलं. ती आठ वर्षांची होती. बटण जरा उंचावर होतं, मी तिला कमरेला धरून उचललं. दिरांनी फोनवरून सगळं पाहिलं, रडले, आणि दोन दिवसांनी मला म्हणाले, "वहिनी, गावात कुणी विचारलं तर मित्रानं केलं म्हणून सांगा. पोरीनं केलं म्हणू नका. लोक आमच्या आईला बोलतात." मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी इथे, ॲडम्सटाउनला आमच्या घरी आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या गावात सगळ्याच सुना सासूला आत्या म्हणतात. गाव कोल्हापूरच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मुलगा असताना त्या कधी आल्या नाहीत. "त्या थंडीत काय मराय येऊ व्हय?" असं म्हणायच्या. तो नसताना आल्या. कशाला, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आल्या त्या दिवशी जिन्याखाली अजून तशीच टांगलेली त्याची रेनकोटची जोडी त्यांनी पाहिली, त्यातलं जॅकेट काढलं आणि घरात असेपर्यंत नऊवारीवर तेच घालून वावरल्या. त्यांच्या अंगाला ते गुडघ्यापर्यंत यायचं.

माझी लेक मराठी समजते, बोलत नाही. इथल्या आमच्या सगळ्यांच्या मुलांचं हेच आहे. आत्या मराठीत विचारायच्या, ही आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायची. साखर कुठाय म्हणून विचारलं की "इट्स इन द प्रेस, आजी" म्हणून कपाटाकडे बोट दाखवायची. आत्यांनी पहिल्या दोन दिवसांतच ठरवून टाकलं की पोरीला आपलं काही कळत नाही. मी एकदा सांगितलं, "आत्या, तिला कळतं." त्या म्हणाल्या, "कळतंय तर बोलत का न्हाई? तोंडाला कुलूप हाय व्हय?" आणि तो विषय संपला. मग त्या तिच्यादेखत गावातल्या बायकांशी फोनवर मोकळेपणाने बोलायला लागल्या. लेक सोफ्यावर टॅबलेट घेऊन बसलेली असायची आणि शेजारी आत्या म्हणत असायच्या, "व्हय गं. थोरल्याचा वंश बुडाला बघ. एवढी माडी बांधली, दिवा लावाय कोन न्हाई."

मी चहा ठेवायला उठायचे. दुसरं काय करणार? ज्या बाईचा मुलगा गेला, तिला मी काय शिकवणार होते?

एका शनिवारी मी दोघींना घेऊन एका पडक्या चर्चला गेले. तासाभराचा रस्ता. मला तिथल्या थडग्यावरच्या ढालींचे फोटो काढायचे होते. थडग्यावर एक सरदार आणि त्याची बायको दगडात कोरून शेजारी शेजारी निजवलेली आहेत, हात जोडलेले. त्याचं नाक शाबूत आहे, तिचं तोंड पावसाने पुसून गेलंय. त्याच्या पायाशी सिंह, तिच्या पायाशी लहान कुत्रं. ही त्या काळची पद्धतच होती.

आत्यांनी पदर सावरत भोवतीने एक फेरी मारली. मला वाटलं प्रदक्षिणा घालतात की काय.

"ही त्येची बायको?"

"हो."

"नाव काय हिचं?"

"नाव माहीत नाही. त्याचं आहे, कडेला कोरलंय. तिची नुसती ढाल आहे." मी खालची ढाल दाखवली. उभे दोन भाग, एकात नवऱ्याच्या घराण्याची खूण, दुसऱ्यात तिच्या बापाच्या. "ह्यावरून तिचं माहेर कळतं. मोठ्या घरातली होती. हा आसपासचा मुलूख तिच्याबरोबर आला म्हणून तर हा एवढा मोठा झाला."

"म्हंजे म्हायेर म्हाईत हाय, आन नाव न्हाई." त्या जरा हसल्या. "आमच्यावाणीच की. मला तरी कोन नावानं हाक मारतंय? लगीन झाल्यापास्नं समदी म्हायेरच्या गावावरनं वळखत्यात." मग कुत्र्याकडे बघून म्हणाल्या, "बाप्याच्या पायाशी शिंव आन बाईच्या पायाशी कुत्रं. बरं हाय. मेल्यावर सुदीक राखान करा."

लेक कुत्र्याच्या डोक्यावर बोट फिरवत होती. "हीज क्यूट," ती म्हणाली.

परतताना गाडीत आत्यांनी येण्याचं कारण सांगितलं. लेक मागे कानात इअरफोनचे बोळे घालून बसली होती.

"हेळवी आलाय गावाकडं. आयतवारी आपल्या दारात वाचायचाय. थोरल्याचं नाव त्येच्याच घरात बसून ऐकायचं म्हनून आले."

हेळवी म्हणजे पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी माणसं. आमच्या सासरच्या भागात ते काही वर्षांनी एकदा येतात, पूर्वी बैलगाडीतून यायचे, आता टेंपोतून. त्यांच्याकडे गावातल्या कुळांच्या वह्या असतात. दारात बसून मूळ पुरुषापासून आजपर्यंतची सगळी नावं खड्या आवाजात वाचतात, मधल्या काळात जन्मलेले मुलगे वहीत चढवतात, आणि धान्य, धोतर, एखादं भांडं घेऊन पुढच्या दारात जातात. लग्नानंतर मी एकदा ऐकलं होतं. इतिहास शिकलेली मी, अंगावर काटा आला होता. त्या नावांत एकही बाई नव्हती हे मला तेव्हा खटकलं नव्हतं.

"थोरल्याच्या नावाफुडं रिकामं ऱ्हाऊन चालायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. "धाकट्याचा दुसरा पोरगा त्येच्या नावाखाली लावायचा. मी सांगून ठिवलंय."

"दत्तक?"

"दत्तक न्हवं. कागूद न्हाई, कोरट न्हाई. पोरगं आईबापापाशीच ऱ्हानार. नुस्तं वहीत."

"आणि ही?"

"हिचं काय? ही लगीन करून जानार. हितंच कुना गोऱ्याच्या घरात जाईल. आपल्या वहीत तिचं काय काम?"

मी दूध नासावं तशी आतून फाटत गेले. पण बोलले ते भलतंच. म्हणाले, "आत्या, ह्यात शेतीचा विषय असेल तर सरळ सांगा."

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत, कीव केल्यासारखं बघत राहिल्या.

"शेती? सातबाऱ्याला पोरीचं नाव चढवाय धाकट्याला तलाठ्याकडं कुनी धाडलं? म्याच धाडलं. इसारलीस व्हय? जिमीन घे की, कोन नगं म्हनतंय? पर वंश जिमिनीवर चालत न्हाई, बाई. माज्या लेकाला पानी कोन देनार?"

ते खरं होतं. सातबाऱ्याचा उतारा दिरांनी मला पाठवलाही होता. जमिनीसाठी भांडणारी माणसं मला कळतात. माझं निम्मं काम त्यांच्यावरच आहे. तेव्हा मी ज्या घराण्याचा तक्ता करत होते, त्यातल्या सरदाराने नेमकी हीच वाटणी केली होती. दोन मुली होत्या. लांबची गावं मुलींना दिली, आणि किल्ला, नाव, ढालीवरची खूण हे सगळं पुतण्याला बांधून दिलं. थोरल्या मुलीने त्यावर दावा लावला. दाव्याचे कागद शिल्लक आहेत. त्यांत तिला दर वेळी अमक्याची मुलगी, तमक्याची बायको म्हटलंय. ती हरली. मला तो कागद वाचताना नेहमी वाटायचं की एवढी गावं मिळाल्यावर हिला आणखी काय हवं होतं? त्या दिवशी गाडी चालवताना मला ते कळलं.

"मी हो म्हणणार नाही," मी म्हणाले.

"तुला इच्यारलं कुठं? सांगितलं."

रविवारी सकाळी दिरांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. अंगणात घोंगडी, घोंगडीवर लाल कापडात गुंडाळलेली वही, मागे सुपात जोंधळे. आत्यांनी जॅकेट काढून ठेवलं होतं, हिरवी नऊवारी नीट नेसल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी, टोस्टरला टेकवलेल्या फोनसमोर त्या ताठ बसल्या. हेळव्याने पहिलं नाव उच्चारलं आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला. सासऱ्यांचे पणजे, आजे, वडील, एकेक नाव येत गेलं तशा त्या मान खाली घालत गेल्या, जणू ते सगळे आमच्या दारातून आत येत होते. माझेही हात नकळत जुळले. हे सांगायला मला आवडत नाही, पण जुळले.

मग माझ्या नवऱ्याचं नाव आलं. त्या अंगणात, त्या आवाजात. हेळवी थांबला. "आन फुडं?"

"फुडं," आत्या म्हणाल्या, "धाकट्याचा दुसरा..."

"त्यांना मुलगी आहे," मी मध्येच म्हणाले.

तिकडे दीर इकडेतिकडे बघायला लागले. हेळव्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाईसायेब, लेकी आमच्यात लागत न्हाईत. ही आजची रीत न्हवं."

"लागत नसतील तर रिकामं ठेवा. दुसऱ्याचं नको."

"गप बस," आत्या म्हणाल्या.

जिन्यावर पावलं वाजली. लेक पायजम्यातच खाली आली, माझ्या आणि आत्यांच्या मधून पुढे झाली आणि फोनसमोर उभी राहिली. ती लहान असताना, गर्दीत हरवली तर सांगता यावं म्हणून, मी तिच्याकडून पूर्ण नाव पाठ करून घेतलं होतं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ते तिने तसंच सांगितलं. एकेक शब्द सुटा, 'र' गोल फिरवलेला, पण मराठीत.

"लिहा," ती म्हणाली. आणि मग, "प्लीज."

आत्या तिच्याकडे बघत होत्या.

"ही बोलती?" त्यांनी मला विचारलं. "मग म्या फोनवर..."

"सगळं कळतं तिला," मी म्हणाले.

हेळवी खळखळून हसला. "आरं वा! इलायतेची पोरगी आन काय झ्याक बोलती! लिवतो बाळ, लिवतो. का न्हाई लिवायचं?" त्याने वही पुढे ओढली, पेन उचललं, आणि मान वाकवून ओठ हलवत तिचं नाव हळूहळू लिहिलं. "झालं बग. खूस?"

"थँक यू," लेक म्हणाली.

पेनाला टोपण लावलेलं होतं. निळं टोपण, त्याच्या बोटांच्या खाली स्पष्ट दिसत होतं. लेक त्याच्या तोंडाकडे बघत होती, पेनाकडे नाही. मी पाहिलं. आत्यांनीही पाहिलं, त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. दिरांनी घाईने फोन दुसरीकडे वळवला, आम्हाला जोंधळ्याचं सूप दिसायला लागलं, आणि मग कॉल बंद झाला.

"आय्’म इन इट, आई," लेक म्हणाली. "विथ बाबा."

"हो," मी म्हणाले.

ती सीरियलचं भांडं घेऊन टीव्हीसमोर गेली. आत्या बराच वेळ तशाच बसून होत्या. मी कप धुवायला घेतले. पाठमोरीच विचारलं, "त्याने नंतर पुतण्याचं लिहिलं असेल ना?"

"लिवलं आसंल."

"आत्या, तुमचं नाव आहे का त्या वहीत?"

"माजं?" त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "माजं कशाला आसंल? मी काय ह्या घरातली हाय व्हय?"

त्यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. त्या घरातल्या चार म्हाताऱ्या माणसांची त्यांनी घाण काढली, दोन मुलगे वाढवले, त्यातल्या एकाला परदेशी पाठवलं आणि त्याच्या मागे त्याचं जॅकेट घालून इथे आल्या. पदर अजून डोक्यावरच होता. त्यांनी तो खाली केला, जॅकेट चढवलं आणि विचारलं, "दूध आनलंस का?"

त्या आठवड्यात मी त्या दोन मुलींच्या सरदाराचा तक्ता पुन्हा उघडला. तक्ता एका पानात मावला पाहिजे म्हणून जमीन न मिळालेल्या मुलींची नावं आम्ही गाळतो आणि 'शिवाय तीन मुली' असं लिहितो. पाच पिढ्यांतल्या ज्या ज्या मुलींची नावं कुठल्या ना कुठल्या कागदात सापडतात, ती सगळी मी बारीक अक्षरात घातली, चार लॅटिन अक्षरं खोडली आणि पाठवून दिलं. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख बाई भल्या आहेत. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर त्या घरी सूप पाठवत होत्या. त्यांनी कळवलं की काम एकदम ग्रँड झालंय, पण पानात बसत नाही, तेव्हा मुली पुन्हा एकत्र करशील का. आणि ती अक्षरं राहिली असावीत, तीही घाल.

घातली. त्या कामावर घर चालतं.

आत्यांचा मुक्काम संपला तेव्हा आम्ही दोघी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. शेवटच्या दिवसांत त्या नातीसमोर फोनवर बोलत नव्हत्या, बोलायचं तर माझ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. जॅकेट त्यांनी बॅगेत घातलं होतं.

तपासणीच्या रांगेजवळ लेकीने त्यांना मिठी मारली. आणि मग म्हणाली, "आजी, विल यू टेल युअर मॅन थँक्स? द मॅन विथ द बुक."

आत्यांना इंग्रजी येत नव्हतं. "काय म्हनती?"

"हेळव्याला थँक यू सांगा म्हणतेय. नाव लिहिलं म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मागचा माणूस ट्रॉली घेऊन खोळंबला होता. मला वाटलं, आता सांगतील. त्यांना खोटं बोलता येत नाही, लग्न झाल्यापासून मी त्याचाच मार खाल्ला आहे.

त्यांनी नातीसमोर, त्या गर्दीत, डोक्यावर पदर घेतला.

"सांगते, बाई," त्या म्हणाल्या, आणि रांगेत शिरल्या.